जनुक वाढलं, म्हणजे नेमकं काय झालं?

औषधाला दाद न देणाऱ्या पेशी आमच्या प्रयोगशाळेत घडवाव्या लागतात. सुरुवात होते ती औषधाला सहज बळी पडणाऱ्या पेशींपासून. उदाहरणार्थ एजीएस. जठराच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून या पेशी गेलेल्या असतात. एका ५४ वर्षांच्या स्त्रीच्या जठरातल्या गाठीतून त्या काही दशकांपूर्वी वेगळ्या केल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभरच्या फ्लास्कमध्ये वाढत आहेत. आमच्याकडे त्या पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीभांडारातून आल्या. फ्लास्कच्या तळाला चिकटून राहतात आणि दिवसाभरात जवळपास दुप्पट होतात. त्यांच्या मीडियात, म्हणजे पोषक द्रवात, ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाचा अगदी थोडा अंश घालायचा आणि वाट पाहायची.

पहिल्या आठवड्यात बहुतेक पेशी गोल होऊन वर तरंगतात. त्या मेलेल्या असतात. मीडिया बदलताना त्या निघून जातात आणि तळाशी तुरळक काही उरतात, लांबट, सुस्त. कितीतरी दिवस त्या वाढतही नाहीत आणि मरतही नाहीत. मग एके दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एका कोपऱ्यात छोटा पुंजका दिसतो. त्या पेशी वाढवायच्या, काही नळ्या गोठवून ठेवायच्या आणि उरलेल्यांना औषधाचा थोडा चढता डोस द्यायचा. असं महिनोन्‌महिने चालतं. रविवार असो, अनंत चतुर्दशीला शहरातले रस्ते बंद असोत, मीडिया बदलायला कुणालातरी यावंच लागतं. शेवटी हातात पेशींच्या दोन जाती असतात. मूळची औषधानं मरणारी, आणि तिच्यापासूनच निघालेली, त्याच डोसमध्ये आरामात वाढणारी.

पुण्यातल्या एका रुग्णालयाला जोडलेल्या प्रयोगशाळेत मी रेणवीय जीवशास्त्राचं काम करते. ज्या औषधाचे मायक्रोलिटर मी पिपेटनं मोजते, त्याच औषधाची सलाईन खालच्या मजल्यावर डे-केअरमध्ये माणसांना लागलेली असते. तिथले रुग्ण गार पाण्याला हात लावत नाहीत, कारण ऑक्सॅलिप्लॅटिननंतर थंड वस्तूचा स्पर्श झाला की बोटांत विजेसारख्या मुंग्या येतात आणि गार घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो. माझ्या फ्लास्कमधल्या पेशींना मज्जातंतू नाहीत, अस्थिमज्जा नाही. त्यांना मी डोस कितीही वाढवून देऊ शकते. माणसाला देता येत नाही. म्हणूनच प्रयोगशाळेत गाठीच्या पेशी शंभरपट चिवट करून दाखवता येतात, पण रुग्णाच्या पोटात त्या दोन-चारपट चिवट झाल्या तरी उपचार हरायला तेवढं पुरतं. रक्तपेशींचे काउंट घसरलेले असताना त्या दोन-चारपटीची भरपाई करायला डॉक्टरांकडे जागाच उरत नाही.

दोन जाती तयार झाल्या की त्यांच्यात फरक काय पडला ते शोधायचं. पेशी फोडून आरएनए काढायचा आणि कोणतं जनुक किती जोरात काम करतंय ते क्यूपीसीआरवर मोजायचं. आरएनएवरून बनवलेला डीएनए यंत्र प्रत्येक फेरीत दुप्पट करत जातं. एखाद्या जनुकाचा संकेत प्रतिरोधक पेशींमध्ये एक फेरी आधी उमटला तर त्याचा आरएनए दुप्पट आहे, तीन फेऱ्या आधी उमटला तर आठपट. आलेख काढला की मूळ पेशींचा बुटका खांब आणि शेजारी प्रतिरोधक पेशींचा उंच खांब असं चित्र दिसतं. शोधनिबंधांमध्ये अशी चित्रं शेकड्यांनी दिसतात. खाली लिहिलेलं असतं की अमुक जनुकाचं ओव्हरएक्स्प्रेशन झाल्यामुळे जठराचा कॅन्सर केमोला दाद देईनासा होतो.

त्या वाक्यातल्या ‘झाल्यामुळे’पाशी मी आता नेहमी थांबते. माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्यांनाही थांबवते. जनुक वाढलेलं दिसणं ही मोजमापाची गोष्ट आहे. त्यामुळेच औषध चालेनासं झालं, हा दावा आहे. त्या दोहोंमध्ये बरंच काम असतं, आणि तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

जनुक वाढून पेशी वाचते कशी, याची पहिली खणखणीत उदाहरणं १९७०च्या दशकातली आहेत. टोरांटोत ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी १९७६ मध्ये चिनी हॅमस्टरच्या प्रतिरोधक पेशींच्या आवरणात एक मोठं प्रथिन दाखवलं आणि त्याला पी-ग्लायकोप्रोटीन असं नाव दिलं. आत शिरलेलं औषध ते पेशीची ऊर्जा खर्चून बाहेर फेकतं, हे पुढे स्पष्ट झालं. त्याच्या जनुकाला आज एबीसीबी१ म्हणतात. १९७८ मध्ये स्टॅनफर्डमधल्या रॉबर्ट शिमकी यांच्या प्रयोगशाळेनं वेगळीच वाट दाखवली. मेथोट्रेक्सेट हे औषध ज्या एन्झाइमवर जाऊन बसतं, त्याच्या जनुकाच्या प्रतीच पेशींनी कित्येकपट वाढवल्या होत्या. एन्झाइम इतकं तयार होत होतं की औषध संपलं तरी ते उरत होतं. यातला मला सर्वात बोलका वाटणारा भाग पुढचा आहे. औषध काढून घेतलं की काही पेशींमधल्या या जादा प्रती पिढ्यांगणिक गळून जात. म्हणजे जनुक वाढलेलं असणं ही पेशीची कायमची ओळख नव्हती. समोर औषध असेपर्यंतची ती अवस्था होती.

हे मी शिकवत होते तेव्हा मराठवाड्यातल्या शेतकरी घरातला एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे सोयाबीनमधलं तण असंच झालंय. दरवर्षी तेच तणनाशक मारतो आणि दरवर्षी जे वाचतं त्याचंच बी पडतं.” मी त्याला २०१० सालचा एक शोधनिबंध वाचायला दिला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणारं राजगिऱ्याच्या कुळातलं एक तण सापडलं होतं. ग्लायफोसेट ज्या एन्झाइमला अडवतं, त्याच्याच जनुकाच्या प्रती त्या तणानं शंभराहून अधिक पटींपर्यंत वाढवलेल्या होत्या. शिमकींच्या पेशींनी केलं तेच शेतातल्या झाडानं केलं होतं. विष वारंवार, तेच आणि अर्धवट मारणारं असलं की जीवसृष्टी हीच युक्ती पुन्हा पुन्हा काढते. माझ्या फ्लास्कमध्ये मी तेच करत असते, जाणूनबुजून.

जठराच्या कॅन्सरकडे वळलं की फाइव्ह-एफयूला टाळता येत नाही. चार्ल्स हायडलबर्गर यांनी विस्कॉन्सिनमध्ये १९५७ साली पुढे आणलेलं हे औषध आजही जवळपास प्रत्येक उपचारक्रमाच्या मुळाशी आहे, कधी सलाईनमधून, कधी कॅपेसिटाबिनच्या गोळीच्या रूपात. डीएनएची एक वीट घडवणारं थायमिडिलेट सिंथेज नावाचं एन्झाइम आहे, टीएस. पेशीत गेल्यावर फाइव्ह-एफयूचं जे रूप होतं, ते टीएसला घट्ट धरून बसतं आणि सोडत नाही. वीट मिळेनाशी झाली की डीएनएची नक्कल अडते. सोबत दिलेलं ल्युकोव्होरिन ही पकड आणखी पक्की करतं. टीएस भरपूर असेल तर साहजिकच काही एन्झाइम मोकळं राहतं आणि पेशी तग धरते.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण टीएसचं स्वतःवर लक्ष असतं. औषध नसताना टीएसचं प्रथिन आपल्याच आरएनएला जाऊन चिकटतं आणि आणखी प्रथिन तयार होणं रोखतं. फाइव्ह-एफयू येऊन टीएसला अडकवतं तेव्हा हा अडसर सुटतो. आरएनए मोकळा होतो आणि काही तासांत प्रथिनाची पातळी चढते. हा शोध १९९१ मधला. यात जनुकाच्या प्रती वाढत नाहीत, आरएनए वाढावा लागत नाही, पेशींची निवडही होत नाही. औषधाच्या स्पर्शानंच औषधाचं लक्ष्य वाढतं. क्यूपीसीआरवर फक्त आरएनए मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही, कारण त्याच्या आलेखावर दोन्ही खांब सारखेच येतील. हे मला कळलं त्या दिवसापासून आरएनएच्या आकड्यासोबत प्रथिनाचा वेस्टर्न ब्लॉट आणि नमुना औषधानंतर नेमका कधी घेतला त्याची नोंद, या दोन्हींविना आलेला निकाल मी पुरा मानत नाही.

आता कारण ठरवण्याचं काम. प्रतिरोधक आणि मूळ पेशींची सगळी जनुकं एकदम मोजली तर शेकड्यांनी जनुकं वरखाली झालेली दिसतात. महिनोन्‌महिने विषात जगलेली पेशी ताणाखाली असते, हळू वाढते, तिची गुणसूत्रं मोडतोडीची असतात. गुणसूत्राचा एखादा तुकडा दुणावला की त्यावरची सगळी जनुकं एकत्र वाढतात. त्यातलं एखादंच पेशीला वाचवत असतं आणि बाकीची शेजारी असल्यामुळे सोबत आलेली असतात. म्हणून वाढलेलं जनुक एकेक करून गप्प करायचं. एसआयआरएनए घालून त्याचा आरएनए नष्ट करायचा किंवा क्रिस्परनं जनुकच तोडायचं, आणि मग पुन्हा औषध देऊन पाहायचं. पेशी आता मरतात का? मेल्या तर एसआयआरएनएला नष्ट न करता येणारी त्या जनुकाची प्रत परत घालायची. पेशी पुन्हा चिवट होतात का? शिवाय मूळच्या, कधी औषध न पाहिलेल्या पेशींमध्ये तेच जनुक वाढवून बघायचं. तिन्ही दिशांनी उत्तर एकच आलं तर ‘त्यामुळे’ म्हणायला हरकत नाही.

बहुतेक वेळा उत्तर इतकं सुटसुटीत येत नाही. आमच्या एका मालिकेत सगळ्यात उंच खांब असलेलं जनुक पूर्ण गप्प केलं तरी पेशींना काही फरक पडला नाही. ज्याची वाढ जेमतेम दुप्पट होती, ते गप्प करताच त्याच पेशी ऑक्सॅलिप्लॅटिनला निम्म्याहून अधिक वश झाल्या. ज्या मुलीनं ते काम केलं होतं ती आनंदानं नाचायच्या बेतात होती. मलाही फार आनंद झाला, कारण तिनं खांबाच्या उंचीवर न भाळता प्रत्येक जनुकाची परीक्षा घेतली होती. मात्र पेशी पुरत्या वश झाल्या नव्हत्या. उरलेल्या चिवटपणामागे आणखी कुणीतरी होतं. प्लॅटिनमचं औषध डीएनएला जखडतं तेव्हा ती जखम दुरुस्त करणारी ईआरसीसी१सारखी प्रथिनं वाढू शकतात. तांब्याची ने-आण करणारी प्रथिनं प्लॅटिनमलाही पेशीबाहेर काढू शकतात. ग्लुटाथायोन त्याला वाटेतच निकामी करू शकतं. बीसीएल-२ कुळातली प्रथिनं पेशीला आत्मनाश करू देत नाहीत. एकाच फ्लास्कमधल्या वेगवेगळ्या पेशींनी वेगवेगळी वाट धरलेली असू शकते.

हे सगळं करताना एक प्रश्न सगळ्यात आधी विचारावा लागतो, आणि तो विचारायला जगाला फार उशीर झाला. फ्लास्कमधल्या पेशी खरंच जठराच्या आहेत का?

एसजीसी-७९०१ हे नाव या विषयातल्या निबंधांमध्ये सतत भेटतं. जठराच्या कॅन्सरच्या पेशी म्हणून ती जात वापरली गेली. तिच्यापासून सिस्प्लॅटिन आणि व्हिन्क्रिस्टीन या औषधांना प्रतिरोधक उपजाती बनवल्या गेल्या आणि कोणतं जनुक वाढल्यानं जठराचा कॅन्सर औषधाला जुमानत नाही, यावर ढीगभर लेखन त्यांच्या आधारे झालं. पुढे एसटीआर तपासणीत, म्हणजे माणसाची ओळख पटवायला न्यायवैद्यक शास्त्रात वापरतात तशा डीएनएच्या खुणा तपासल्यावर, या पेशी हेला असल्याचं दिसलं. बीजीसी-८२३ आणि एमजीसी-८०३ या जठराच्या म्हणून वापरल्या गेलेल्या आणखी दोन जातींचंही तेच निघालं. हेला म्हणजे बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये वाढवलेल्या पेशी. त्या इतक्या जोमदार आहेत की एखादा थेंब चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तरी काही पिढ्यांत तिथल्या मूळच्या पेशींना मागे सारून सगळी जागा व्यापतात. आता चुकीची ओळख असलेल्या पेशींच्या आंतरराष्ट्रीय यादीत ही नावं नोंदलेली आहेत.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या यादीकडेच पाहत राहिले. त्या निबंधांमधली जैविक यंत्रणा खोटी ठरते असं नाही. एखादं प्रथिन वाढल्यानं हेला पेशी वाचत असेल तर ती पेशीशास्त्रातली खरी गोष्ट आहे. पण ते जठराविषयीचं विधान राहत नाही. जठराच्या अस्तराची जनुकं, हेलिकोबॅक्टर जिवाणूनं वर्षानुवर्षं पेटवत ठेवलेली सूज, त्या गाठींमध्ये मूळचीच दुणावलेली जनुकं, यांतलं हेलामध्ये काही नाही. त्यात व्हिन्क्रिस्टीन हे जठराच्या कॅन्सरवर नेहमी दिलं जाणारं औषधसुद्धा नाही. त्याला प्रतिरोध कसा येतो हे कितीही बारकाईनं कळलं तरी माझ्या खालच्या मजल्यावरच्या माणसाशी त्याचं नातं जोडायला मधे बऱ्याच पायऱ्या लागतात. आमच्याकडे नवी पेशीजात आली की गोठवण्याआधी एसटीआर होतं, आणि दीर्घ निवडीनंतर तयार झालेल्या प्रतिरोधक पेशींचंही पुन्हा होतं. याला पैसे लागतात. विद्यार्थ्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मी त्यावर तडजोड करत नाही.

औषध आणि जनुक यांची जोडी जुळते का, हेही असंच तपासून घ्यावं लागतं. जठराच्या कॅन्सरवर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर दिला जाणारा फ्लॉट हा उपचारक्रम पाहा. फाइव्ह-एफयू, ल्युकोव्होरिन, ऑक्सॅलिप्लॅटिन आणि डोसेटॅक्सेल, दर दोन आठवड्यांनी. २०१९ मध्ये जर्मनीतल्या ७१६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. आधीच्या उपचारक्रमात निम्मे रुग्ण ३५ महिन्यांपुढे जगले होते, फ्लॉटमध्ये ५० महिन्यांपुढे. या चारांपैकी पी-ग्लायकोप्रोटीनच्या पंपातून बाहेर फेकलं जाणारं औषध म्हणजे डोसेटॅक्सेल. प्लॅटिनम आणि फाइव्ह-एफयू यांच्याशी त्या पंपाला फारसं देणंघेणं नाही. तरीही गाठीत एबीसीबी१ वाढलंय म्हणून केमो चालली नाही, असं सरसकट लिहिलेलं वाचायला मिळतं. कोणतं औषध, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही.

आणि कारण बिनचूक सापडलं तरी उपाय सापडतोच असं नाही. पंप बंद करणारी औषधं शोधली गेली. जपानमध्ये त्सुरुओ यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की रक्तदाबावरचं व्हेरापामिल प्रतिरोधक पेशींना पुन्हा औषधाला वश करतं. नंतर खास पंपासाठी घडवलेली औषधं मोठ्या चाचण्यांत उतरली आणि रुग्णांना अपेक्षित फायदा झाला नाही. तोच पंप आपल्या आतड्यात, यकृतात, मूत्रपिंडात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रोज विष बाहेर काढत असतो. तो बंद केला की केमोचं विष शरीरात रेंगाळतं आणि मग डोसच कमी करावा लागतो. फ्लास्कमध्ये फक्त गाठ असते. माणसात गाठीभोवती माणूस असतो.

रुग्णांच्या नमुन्यांवर काम करायला लागल्यापासून याची जाणीव रोज होते. एंडोस्कोपीत जठरातून काढलेले तुकडे तांदळाच्या दाण्याहून मोठे नसतात. त्यातले निदानाला लागतात ते आधी पॅथॉलॉजीकडे जातात. संशोधनासाठी जादा तुकडा घ्यायचा असेल तर त्याची परवानगी आधीच घ्यायची असते. संमतीपत्र मराठीत असतं आणि ते समजावून सांगायला मी शक्यतो स्वतः जाते. सातारा जिल्ह्यातून वडिलांना घेऊन आलेल्या एका मुलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्याडम, यातनं कळंल का, दादांना कंचं औषध लागू पडंल?”

प्रश्न सरळ आहे आणि त्याचं उत्तरही सरळच द्यायला हवं. मी त्याला सांगितलं की या तुकड्यातून आम्ही शिकणार आहोत, दादांचा उपचार मात्र डॉक्टर आज माहीत असलेल्या गोष्टींवरूनच ठरवतील. आमच्या तपासणीचा निकाल त्यासाठी वापरता येणार नाही. तो थोडा थांबला आणि म्हणाला, “मग घ्या. फुडच्याला तरी उपेग हुईल.” त्यानं वडिलांकडे पाहिलं. दादांनी मान हलवली आणि अंगठा न उठवता सही केली, सावकाश, पूर्ण नावानं.

अशा तुकड्यातून आरएनए काढला की त्यात फक्त कॅन्सरच्या पेशी नसतात. रक्तवाहिन्या असतात, सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट असतात. जठराच्या कॅन्सरचे १९६५ मध्ये लॉरेन यांनी दोन मुख्य प्रकार सांगितले. त्यातल्या पसरट प्रकारात कॅन्सरच्या पेशी एकेकट्या विखुरलेल्या असतात आणि भोवती तंतूंचं दाट जाळं असतं. तिथे एखादं जनुक वाढलेलं दिसलं तर ते कॅन्सरच्या पेशीत वाढलंय की भोवतीच्या तंतुपेशींत, हे आकडा सांगत नाही. काचपट्टीवर अँटिबॉडीनं प्रथिनाचा रंग चढवून पाहावं लागतं, तेव्हाच रंग कुठे बसलाय ते कळतं. पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून मी हे पाहायला शिकले. त्यांच्या डोळ्यांना मिळणारी माहिती माझ्या यंत्राला मिळत नाही.

रंगावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. ईआरसीसी१चं उदाहरण मी दर बॅचला सांगते. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ज्या गाठीत हे दुरुस्ती करणारं प्रथिन कमी, तिथे सिस्प्लॅटिनचा फायदा जास्त, असं २००६ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं. अतिशय तर्कशुद्ध गोष्ट. अनेकांनी त्यावर विसंबून पुढची कामं आखली, जठराच्या कॅन्सरमध्येही ईआरसीसी१ मोजलं गेलं. २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात दुसरा निबंध आला. तीच तपासणी नव्यानं केली तेव्हा आधीचे निकाल जुळले नाहीत. ईआरसीसी१ चार रूपांत तयार होतं. त्यातलं एकच प्रत्यक्ष दुरुस्ती करतं आणि उपलब्ध अँटिबॉडींपैकी एकीलाही ते एकटं ओळखता येत नव्हतं. ज्यांनी स्वतःच्या क्षेत्रातला इतका गाजलेला निष्कर्ष पुन्हा तपासून तो टिकत नाही हे छापलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

जनुक वाढण्याच्या गोष्टीतून रुग्णाच्या हातात ठोस काही पडलं, ते मात्र हर-टूमधून. हर-टू हे पेशीच्या आवरणावरचं प्रथिन, त्याचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर. काही जठर-गाठींमध्ये त्या जनुकाच्या प्रती वाढतात आणि पेशींवर या प्रथिनाची गर्दी होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोगा चाचणीत अशा रुग्णांना केमोसोबत या प्रथिनाला लक्ष्य करणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध दिलं. नुसत्या केमोवर निम्मे रुग्ण ११.१ महिन्यांपुढे जगले होते, ट्रास्टुझुमॅबसह १३.८ महिन्यांपुढे. आकडा लहान वाटेल. ज्यांच्या घरात ते तीन महिने आले त्यांना तो लहान वाटत नाही. इथे वाढलेलं जनुकच औषधाचं लक्ष्य झालं होतं आणि ते कारण असल्याचा पुरावा उपचारानंच दिला.

पण जठरातलं हर-टू एकसारखं पसरलेलं नसतं. एकाच गाठीत एका भागात गडद रंग आणि शेजारी कोरा भाग असं काचपट्टीवर स्पष्ट दिसतं. त्यामुळे स्तनाच्या कॅन्सरचे निकष इथे चालत नाहीत. बायोप्सीत पाच सलग पेशी नीट रंगलेल्या असल्या तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात, आणि एका तुकड्यावर न थांबता अनेक तुकडे मागतात. तुकडे कमी पाठवले तर रंगलेला भाग हुकू शकतो आणि रुग्णाचं एक औषध आपण विनाकारण काढून घेतो. एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगतो. पॅथॉलॉजीतल्या आमच्या सहकाऱ्यांनी तर मागणीपत्रावरच तुकड्यांची अपेक्षित संख्या छापून घेतली आहे.

आणि शिमकींच्या पेशींप्रमाणे इथेही जनुकाची ही वाढ कायमची नसते. ट्रास्टुझुमॅब काही महिने चाललं, मग गाठ पुन्हा वाढू लागली, की अशा बऱ्याच रुग्णांच्या नव्या बायोप्सीत हर-टू उरलेलं नसतं. ज्या पेशींवर ते होतं त्या मेल्या, कोऱ्या होत्या त्या वाढल्या. पहिल्या दिवसाचा पॉझिटिव्ह अहवाल फाइलमध्ये तसाच असतो, पण ज्या गाठीवर आता उपचार करायचाय तिच्याबद्दल तो काही सांगत नाही. हर-टूला धरून आत केमो पोचवणारं ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपान-कोरियाच्या चाचणीत उपयोगी ठरल्यावर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा झाला आहे, कारण हे महागडं औषध द्यायचं तर हर-टू अजून आहे का, हे कळायला हवं.

म्हणून ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत माझी मागणी ठरलेली असते. उपचार थकला की पुढचं औषध ठरवण्याआधी, रुग्णाची प्रकृती झेपत असेल तर, पुन्हा बायोप्सी घ्या. नातेवाईक विचारतात की एकदा दुर्बीण घातली होती ना, मग परत कशाला, परत उपाशी ठेवायचं, परत खर्च. त्यांचं बरोबर असतं. मी त्यांना दोन्ही अहवाल शेजारी ठेवून सांगते की पहिला तुकडा केमो सुरू होण्याआधीच्या गाठीचा होता. त्यानंतर दर दोन आठवड्यांनी आपण त्या गाठीला औषध दिलंय, आणि जे उरलंय ते त्या औषधातून वाचलेलं आहे. डॉक्टरांनी आता औषध निवडायचंय ते या उरलेल्यासाठी.